अर्थिंगचं पाणी

शालिकराम सोफ्यावरून तिसऱ्यांदा उठला, तेव्हा शेजारच्या माणसाने वैतागून पाय आवरून घेतले. संध्याकाळचे पाच वाजले होते. स्टेजवर आवाजाची चाचणी चालू होती, अर्ध्या तासाने अंकुर वाजवणार होता आणि त्या सगळ्या धडधडीखाली एक बारीक घूंऽऽ सारखी ऐकू येत होती. ती संगीतातली नव्हती. एवढ्या मोठ्या मैदानावर हे फक्त शालिकरामला कळत होते.

कळणारच. अमरावतीत लग्नांना लाइट आणि स्पीकर पुरवणाऱ्या या माणसानेच बारा वर्षांपूर्वी इथे पहिली वायर ओढली होती. तेव्हा हे मैदान नव्हते, बडनेरा रोडवरचे आशाबाईंचे तुरीचे वावर होते. त्यांचा अंकुर कॉलेजात होता, कॉम्प्युटरवर संगीत तयार करायचा. ते मोठ्या स्पीकरवर लोकांना ऐकवायचे, असे त्याने डोक्यात घेतले. तूर निघाल्यावर त्याने आईकडून एका दिवसापुरते वावर मागून घेतले. साठ-सत्तर माणसे जमली. त्यांतली निम्मी सतरंजीवर बसून गाणारा कधी येतो याची तासभर वाट पाहत होती. आशाबाईंनी सगळ्यांना झुणका-भाकर वाढली.

त्याआधी त्यांनी शालिकरामला बाजूला घेतले होते.

"भाऊ, याचा बाप विहिरीवरच्या मोटारीचा करंट लागून गेला. पोरगा वाजवून राहिला, त्याचं मले काई नाई. पन त्याचे हात लोखंडाले लागतीन. तुमी जबान द्या मले."

शालिकरामने जबान दिली. काळी माती वाळली की भेगाळते, पाइपापासून सुटते आणि अर्थिंग निकामी होते, लोखंडात उतरलेला करंट जमिनीत जात नाही. म्हणून त्याने खोल खड्डा खणून पाइप गाडला, मीठ-कोळसा भरला, वर दोन घागरी पाणी ओतले. मग चपला काढून मातीवर उभा राहिला आणि स्टेजचे लोखंड उघड्या हातांनी धरले. झिणझिणी आली नाही, तेव्हा त्याने हात वर केला. तो हात पाहूनच अंकुरने वाजवायला घेतले. पुढे दर वर्षी हेच झाले. तो हात वर गेला की लोक टाळ्या वाजवू लागले. शालिकरामला संकोच वाटे, पण खोटे कशाला बोला, आवडायचेही.

चौथ्या वर्षी तिकीट आले. सातव्या वर्षी सतरंज्या गेल्या, मैदानाला पत्र्याचे कुंपण झाले, नागपूर-पुण्याहून गाड्या येऊ लागल्या. नवव्या वर्षी आशाबाई वारल्या आणि झुणका-भाकर स्टॉलवर कागदी डब्यात मिळू लागली. यंदा सगळे काम बाहेरच्या कंपनीकडे गेले. अंकुरने स्वतः फोन केला, काका, आता तुम्ही काही करायचे नाही, समोर सोफ्यावर बसायचे. सन्मानच होता तो. शालिकराम बरं म्हणाला. पण मनातून तो रुसला आणि रुसव्यात पाइपाला पाणी घालायचे सांगायचे राहिले. खरे म्हणजे राहिले नाही. त्याने सांगितले नाही.

मनगटावर पाहुण्यांची सोनेरी पट्टी बांधून तो दुपारपासून बसला होता आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हते.

पहिल्यांदा उठून त्याने इंजिनिअरला घूं ऐकवली. इंजिनिअर नम्रपणे म्हणाला, "काका, तो बेस आहे." दुसऱ्यांदा तो अंकुरला भेटायला गेला, तर सर तयारी करताहेत, असे कुणीतरी सांगून त्याला परत सोफ्यावर आणून बसवले. आता तो थेट स्टेजमागे गेला. फाटकावर तिवशाचा सागर म्हणून एक पहारेकरी होता. या पट्टीवर मागे सोडत नाहीत, असे तो म्हणाला.

पत्र्याच्या फटीतून शालिकरामला आपला पाइप दिसला. नव्या लोकांनी आपली वायर त्यालाच बांधली होती. पाइपाभोवती बोट जाईल एवढी भेग पडली होती.

"मले नाई जाचं आत," तो म्हणाला. "तू जाय. त्या पाइपापाशी पानी टाक."

"काऊन?"

"वाजवनाऱ्या पोराची माय नाई आता पाहाले. मी चुकलो, बाप्पा. टाक लवकर."

सागरने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि तो आत गेला. पिण्याच्या पाण्याचा अख्खा जार त्याने पाइपाशी उपडा केला. माती पाणी पीत राहिली. दुसरा जार निम्मा झाला तेव्हा घूं बारीक झाली आणि थोड्या वेळाने थांबली.

स्टेजचा एक लोखंडी पाय कुंपणाच्या पत्र्याला टेकला होता. शालिकरामने चपला काढल्या, दोन्ही तळवे पत्र्यावर टेकवले. काही नाही. पुन्हा टेकवले. काहीच नाही.

फटीतून त्याला अंकुर स्टेजवर येताना दिसला. गर्दी ओरडली. अंकुर टेबलापाशी गेला, पण वाजवायला लागला नाही. त्याची मान समोर सोफ्यांकडे वळली आणि तो तसाच थांबला. तो हात पाहूनच वाजवायचे, ही इतक्या वर्षांची सवय होती.

इकडे पत्र्यामागे शालिकरामने हात वर केला. अंकुरची त्याच्याकडे पाठ होती. जरा वेळाने अंकुरने दोन्ही हात लोखंडी टेबलावर ठेवले आणि वाजवायला सुरुवात केली. शालिकरामचा हात वरच होता.