दाजींची चौकशी

माझ्या मेहुण्याचं नाव मी माझ्या लग्नातच ठेवलं होतं: मेणबत्ती. कुणी जवळ येऊन जरा गरम उसासा टाकला की हा वितळलाच. सासरची मंडळी आधी रागावली, मग हसली, आणि वर्षभरात तीही त्याला त्याच नावाने हाका मारायला लागली.

आम्ही दोघंही रेसकोर्सवर नोकरीला. मी स्टार्टर. म्हणजे सगळे घोडे आपापल्या फाटकात शिरले, शांत उभे राहिले, की बटण दाबून फाटकं उघडणारा माणूस. सोपं वाटत असेल तर घरच्या कार्यात पन्नास नातेवाइकांना एकाच वेळी कॅमेऱ्याकडे बघायला लावून दाखवा. माझे हे चार पायांचे नातेवाईक तर लाथाही मारतात.

मेहुणा वजनाच्या खोलीत. रेसच्या आधी आणि नंतर जॉकीला खोगिरासकट काट्यावर उभं करायचं, आकडा बघायचा, मान हलवायची. तो नवीन लागला तेव्हा मी त्याला सांगितलं होतं, की फोटोफिनिशला घोडा हसरा असेल तर निकाल लवकर लागतो. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या तबेल्यात जाऊन एका ट्रेनरला विचारत होता, तुमच्यातला हसरा कोण. मग एकदा सांगितलं, की हिरवा शर्ट बघून घोड्यांना गवत आठवतं आणि ते बुजतात. त्याने चार चांगले शर्ट वाटून टाकले. त्यातला एक मी अजून घालतो.

पण गड्याचं एक स्वप्न होतं. त्याला पंच व्हायचं होतं. वर काचेच्या खोलीत बसायचं, रेसमध्ये कुणी कुणाला आडवा गेला का बघायचं, आणि गेला असेल तर चौकशी करून शिक्षा द्यायची. त्यासाठी मान्यता लागते. आमच्या धंद्यात सगळ्यांनाच लागते, आणि ती दर तीन वर्षांनी उजळूनही घ्यावी लागते. त्यासाठी दोन दिवसांचा वर्ग असतो. जुन्या लोकांनी बसायचं, ऐकायचं, चहा प्यायचा. पंच होऊ बघणाऱ्यांना मात्र शेवटी एक खोटी चौकशी चालवून दाखवावी लागते.

गेल्या वर्षी मेहुण्याने ती चालवली. आरोपी जॉकीला दोषीही ठरवलं, अगदी बरोबर. मग नियमाप्रमाणे विचारलं, शिक्षेबद्दल काही म्हणायचंय का. जॉकी झालेला माणूस म्हणाला, साहेब, आई आजारी आहे. झालं. मेहुण्याने शिक्षा माफ केली, वर चार दिवस रजा दिली, आणि वर्ग सुटल्यावर त्याला गाठून विचारलं, की कुठल्या दवाखान्यात आहेत, भेटून येतो. ती आई त्या माणसाने जागच्या जागी जन्माला घातली होती. मेहुणा नापास.

संधी दोनच मिळतात. ही दुसरी. ही गेली की जन्मभर काटा.

"हे बघा," निघताना बायको मला म्हणाली, "तुम्ही तुमची मान्यता उजळा आणि गप्प परत या. त्याच्या वाटेला जायचं नाही."

"मी कशाला जाऊ?"

"तुम्ही असं म्हणालात ना, की हमखास काहीतरी घडतं."

वर्ग प्रेक्षकांच्या स्टँडच्या वरच्या मजल्यावर होता. रेसच्या दिवशी तिथे जेवणाचा हॉल असतो. टेबलं भिंतीला लावलेली, मधे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, पुढे पडदा. खिडकीतून मोकळा ट्रॅक दिसत होता आणि त्यावर पाणी मारणारी गाडी गोगलगायीसारखी चालली होती. शिकवायला बाई होत्या. एके काळच्या मुख्य पंच. आम्ही सगळे त्यांना भिंग म्हणायचो, अर्थात त्यांच्या मागे. त्यांच्यासमोर आम्ही श्वाससुद्धा परवानगीने घ्यायचो.

पहिला दिवस नियमांत गेला. दुसऱ्या दिवशी बाईंनी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. मेहुणा पंचांचा प्रमुख, ते आधीच ठरलेलं. त्याच्या दोन बाजूंना दोन जुने पंच. आता ज्याचा घोडा दाबला गेला तो जॉकी कोण? घोड्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी निघाली. गोल गरगरीत माणूस, त्यांना पेलेल असा घोडा अजून जन्मला नव्हता. आणि आरोपी जॉकी?

बाईंनी चिठ्ठी उघडली, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली.

"तुम्ही," त्या म्हणाल्या.

मेहुणा चहाच्या टेबलापाशी गेला तो मी त्याच्या मागोमाग.

"दाजी, तुम्ही नका ना."

"अरे वेड्या, उलट बरं झालं. घरचाच आरोपी. तू दोन प्रश्न विचार, तिसऱ्याला मी गडबडतो. तू पकड. पास हो. संध्याकाळी तुझ्या ताईला पेढे ने."

"शपथ?"

"तुझ्या गळ्याची."

तो जरा मागे सरकला.

मी अगदी मनापासून बोलत होतो. आजही सांगतो, माझा बेत खरा होता.

बाईंनी फिल्म दाखवली. एक जुनी रेस. शेवटच्या वळणानंतर चार नंबरचा घोडा, म्हणजे माझा, डावीकडे सरकत जातो. डावीकडे कठडा. कठडा आणि माझा घोडा यांच्यामध्ये सात नंबरचा, म्हणजे डॉक्टरांचा. त्याची जागा आवळत जाते, त्याला वेग कमी करावा लागतो, आणि मी जिंकतो.

"घोडा सरकला, ते आंधळ्यालाही दिसेल," बाई म्हणाल्या. "घोडे सरकतात. प्रश्न एवढाच, की जॉकीने त्याला आवरायचा प्रयत्न केला का? फिल्ममध्ये त्याचे हात दुसऱ्या घोड्याआड गेलेत. ते तुम्ही त्याच्याकडून काढायचं."

मग मला बाजूला घेऊन त्या कुजबुजल्या, "तुम्ही अजिबात आवरलेलं नाही. उजव्या हाताने चाबूक मारतच राहिलात. उजवीकडून मारलं की घोडा डावीकडे पळतो. हे लपवा."

आता मला सांगा, मांजरासमोर दुधाचं भांडं ठेवून त्याला 'राखण कर' म्हणायचं का?

चौकशी सुरू झाली. आधी डॉक्टर. त्यांनी तक्रार सांगितली, व्यवस्थित. मग मेहुण्याने माझ्याकडे मान वळवली. घसा साफ केला.

"घोडा आत का सरकला?"

इथे गडबडायचं नव्हतं, हा पहिलाच प्रश्न. मी म्हणालो, "साहेब, गांधीलमाशी."

"कुठे?"

"उजव्या कानात शिरली, साहेब. पिवळी होती. एक पंख जरा फाटलेला." हा दुसरा प्रश्न. आता तिसऱ्याला पडायचं. पण हॉलमध्ये एकदम शांतता झाली होती. मागच्या रांगेतला निकालवाला जज बिस्कीट हातात धरून थांबला होता. अशी शांतता मिळाली की माझं काय होतं ते मलाच कळत नाही. "साहेब, तो घोडा मी शिंगरू असल्यापासून ओळखतो. पायात काटा गेला तरी हूं की चूं न करणारं जनावर. त्या दिवशी ते किंचाळलं. मी चाबूक फेकून द्यायला निघालो होतो. उजवा लगाम असा ओढला, असा ओढला, की हे बोट आजही वाकत नाही."

मी बोट दाखवलं. ते वाकत नव्हतं. मी वाकवतच नव्हतो.

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. खुद्द तक्रारदार. "मलम लावलंत का?"

"डॉक्टर, तुम्ही तक्रारदार आहात," बाई म्हणाल्या.

"हो, पण बोट पाहा ना. मला वाटतं, मी तक्रार मागे घेतो."

मेहुण्याच्या डाव्या बाजूचा पंच नाक पुसत होता. उजव्या बाजूचा म्हणाला, गांधीलमाशीचा चावा वाईटच, त्याच्या काकांना एकदा चावली होती. मग काकांची हकिकत निघाली. आणि मेणबत्ती? तिच्या डोळ्यांच्या कडा ओल्या. आता हा विचारणार, दवाखाना कुठला.

मला तेव्हा कळलं, की मी काय करून बसलो. मी त्याला डोळ्याने खुणावलं, विचार, तिसरा प्रश्न विचार. पण माझा डोळा मिचकावलेला पाहून तो थबकला. माझ्याकडे टक लावून बघत राहिला. त्या नजरेत मला ते चार हिरवे शर्ट एकेक करून जाताना दिसले.

"आरोपी," तो म्हणाला. दाजी नाही, आरोपी. "खरं बोलताना तुम्ही दोन शब्दांत मोकळे होता. आमच्याकडे पाहुणे म्हणून आलात तर 'जेवतो' म्हणता आणि बसता. पंख फाटलेला की साबूत, हे मी विचारलं नव्हतं."

"साहेब, मी आपलं..."

"सांगू नका. दाखवा."

त्याने दोन खुर्च्या मधे आणवल्या, शेजारी शेजारी. डावीकडच्या खुर्चीवर डॉक्टरांना उलटं बसवलं, खुर्चीची पाठ पोटाशी घेऊन. खुर्ची कण्हली. त्यांच्या उजवीकडच्या खुर्चीवर मला. हातात लगाम म्हणून मफलर, चाबूक म्हणून गुंडाळलेलं वर्तमानपत्र. पडद्यावर तीच रेस, आवाजासकट.

"सोडा," मेहुणा म्हणाला.

आता हे लोक, ज्यांनी अख्खं आयुष्य रेसकोर्सवर काढलं पण कधी कुणाच्या बाजूने ओरडायची मुभा मिळाली नाही, कारण अधिकाऱ्याने तोंड मिटून बसायचं असतं, त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा ती मुभा मिळाली. निकालवाला जज खुर्चीवर उभा राहिला. कोणीतरी डॉक्टरांच्या नावाने गलका सुरू केला. डॉक्टर तोंडाने टापांचा आवाज काढायला लागले आणि, खोटं नाही सांगत, इंचाइंचाने त्यांची खुर्ची खरंच पुढे सरकायला लागली.

मी आधी लगाम ओढला, शहाण्यासारखा. एकदा ओढला. मग बाजूला बघितलं, तर ढेरी अर्धा हात पुढे. माझ्या पुढे? मी मफलर सोडला आणि उजव्या हाताने वर्तमानपत्र हाणायला सुरुवात केली. माझी खुर्ची डावीकडे वळली, डॉक्टरांच्या खुर्चीवर घासली.

"आरोपी, तुमचा घोडा आत चाललाय," मेहुण्याचा आवाज आला.

"चालू दे."

"शेजारच्याला जागा उरली नाही. थांबा."

"आता कोण थांबतंय. आलं की विनिंग पोस्ट."

हॉल एकदम गप्प झाला. पडद्यावरची रेसही तेवढ्यात संपली. मी वर्तमानपत्र वर उगारलेलं, ज्या बोटाला वाकायचं नव्हतं ते मस्त वाकून त्याभोवती गुंडाळलेलं. डॉक्टर कडेला टेबलाखाली गेले होते आणि तिथून म्हणत होते, की तक्रार परत दाखल करायची आहे.

"मला एवढंच बघायचं होतं," मेहुणा म्हणाला. त्याने दोन्ही पंचांशी डोकं जुळवून घेतलं, आणि मग सरळ बसला. इतका सरळ मी त्याला त्याच्या बोहल्यावरही बघितला नव्हता. "घोडा कशामुळेही सरकला असो, आरोपीने त्याला आवरलं नाही. दोषी."

टाळ्या पडणार होत्या, पण बाईंनी हात वर केला. कारण खरी गोची पुढेच होती. सगळ्यांना माहीत होतं.

"शिक्षेबद्दल," मेहुण्याने विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

बाईंची पेन्सिल थांबली. मला एका झटक्यात तीन आजारी आया, एक गहाण घर आणि लग्नाची बहीण सुचली होती. सगळी मंडळी घशापर्यंत आली. मी त्याच्याकडे बघितलं. हे पोरगं आज परत काट्यापाशी गेलं तर त्याला कारण मीच असेन, आणि हा मला एका शब्दाने बोलणारही नाही. ते जास्त वाईट.

मी सगळ्या आया गिळल्या. "काही नाही, साहेब. चूक माझी. द्याल ती शिक्षा मान्य."

आयुष्यात इतकं सरळ वाक्य मी क्वचितच बोललो असेन. मेहुण्याने ते ऐकलं. डोळे बारीक केले. पुन्हा पंचांशी कुजबुजला.

"दोन आठवडे बंदी द्यायचं ठरलं होतं," तो म्हणाला. "पण आरोपी ज्या अर्थी इतक्या गुमान मान्य करतोय, त्या अर्थी यात नक्की काहीतरी आहे. तीन आठवडे."

"अरे, मी खरं बोलतोय."

"चार."

बाई हसल्या. लोक सांगतात, की त्या पूर्वीही एकदा हसल्या होत्या, पण त्याला साक्षीदार नाही. शिक्षा वाढवायला संशय हे कारण चालत नाही, एवढं त्यांनी मेहुण्याला सुनावलं, ती दोन आठवड्यांवर आणली, आणि त्याला पास केलं. मग माझ्याकडे वळल्या. माझी मान्यताही उजळली, म्हणाल्या, पण इथून पुढे दर वर्षी यायचं. आरोपी म्हणून. असा खोटारडा त्यांना बाहेरून आणायला परवडणार नाही.

जिन्यात मी बायकोला फोन लावला.

"झाला पास," मी सांगितलं. पलीकडे एक मोठा श्वास सुटला. रडत असावी. मग नाक ओढून तिने विचारलं, "आणि तुमचं काय झालं?"

"मला दोषी ठरवलं. तुझ्या भावाने."

"बरं केलं," ती म्हणाली. "घरातल्या कुणीतरी करायलाच हवं होतं."