प्लेटमधला निकाल

धाकटी बहीण स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर संशोधन करते, हे दादा आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचा. त्याच कॅन्सरनं त्याला गाठलं तेव्हा म्हणाला, "घे, घरचंच गिऱ्हाईक!" गाठीचा तुकडा तिच्या प्रयोगशाळेला द्यायची परवानगीही त्यानं हौसेनं दिली.

प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये त्या तुकड्यातल्या पेशींनी चांगलंच बाळसं धरलं. दादा मात्र पिवळा पडत, हडकत चालला. त्याला सलाईनमधून जे औषध देत होते, तेच तिनं पेशींवर घातलं. डोस वाढवून पुन्हा घातलं. पेशी ढिम्म.

ती दादाच्या डॉक्टरांकडे गेली.

"प्लेटमधला निकाल बघून मी उपचार थांबवू शकत नाही," ते म्हणाले. "तुमची पद्धत अजून सिद्ध झालेली नाही. आणि थांबवून दुसरं देऊ काय?"

बाकीची औषधंही तिनं पेशींवर घालून पाहिली होती. एकही लागू पडलं नव्हतं.

दादापासून तिनं काही लपवलं नाही. "सलाईन बंद कर. निदान उलट्या तरी थांबतील."

त्यानं दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तुझ्या वहिनीला बोलू नकोस. ती त्या सलाईनच्या जिवावर उभी आहे."

"अरे, पण त्रास तुला होतोय."

"होऊ दे. गप्प बसशील ना?"

ती गप्प बसली. वहिनी दर खेपेला त्याला धरून गाडीत बसवायची, स्वतःच्या मांडीवर बादली घ्यायची. शेवटच्या सलाईननंतर ताप चढला, तो उतरलाच नाही. त्यातच दादा गेला.

औषधाचा उपयोग नाही असं प्लेटनं आधी सांगितलं, तेच पेशंटच्या बाबतीत खरं ठरलं, म्हणून प्रयोगशाळेत सगळे खूश होते. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तिची पाठ थोपटली. मग पेशंट कोण ते आठवलं आणि हात मागे घेतला.

पुढे ते वहिनीला भेटायला घरी आले. "तुमच्या मिस्टरांचे फार उपकार झाले. औषध लागू पडणार नाही हे आम्हाला आधीच दिसलं होतं."

वहिनीनं त्यांना चहा दिला, दारापर्यंत पोचवलं, कडी लावली आणि आत बसलेल्या नणंदेकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

"हो. दादालाही."

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. "कधीकधी म्हणायचा, आज घरीच राहू दे. मी ओरडायचे त्याच्यावर. ओढत न्यायचे गं त्याला."

बहिणीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनीनं तो बाजूला केला.

"तू जा आता," ती म्हणाली.