अर्धी बादली गार

टक्. न्हाणीमागच्या भिंतीवरचा पाणी तापवायचा हीट पंप चालू झाला आणि पहाटेची शांतता घुरघुरू लागली. पाठोपाठ चपलांची फरफट. माझ्या सासूबाई, सगुणाबाई, आंघोळीला निघाल्या.

मी अंथरुणातच होते. ईश्वरीचा पाय माझ्या पोटावर. तो तसाच राहू दिला आणि कान लावले.

आता त्या टाकीवर हात ठेवणार. टाकी बाहेरून गारच लागते, आत पाणी कितीही तापलेलं असू दे. मग नळ सोडणार. आधी पाइपातलं गार पाणी येतं, अर्धी बादली. मागून वाफाळतं. पण तेवढ्यात त्या नळ बंद करतात. शेजारच्या द्वारकाबाईंचा सोलर उन्हावर तापतो, तसाच हाही, असं त्यांनीच ठरवलंय. माझ्या नवऱ्याला, यांना, एमआयडीसीतल्या रात्रपाळीहून आल्यावर आठ वाजता गरम मिळतं. तोवर उन्हं आलेली असतात. बराबर जुळतं.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "दैवशाला, हे तर गार वारा फेकून राह्यलं गं! पाणी काय तापवणार?"

"हौ आत्याबाई, थंडीचं जरा तसंच."

खोटं एवढंच बोलले. गुडघे सुजलेत त्यांचे. संध्याकाळी तेल मीच चोळून देते.

पाच वर्षांपूर्वी अशाच थंडीत मी नऊ दिवसांची बाळंतीण होते. माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण इथंच. थोरल्या जाऊबाईंना मुलगा झाला तेव्हा सव्वा महिना चुलीवरून हंडा उतरला नव्हता. मला सासूबाई म्हणाल्या, "पऱ्हाट्या सरल्या. पोरीच्या बाळंतपणाला एवढं काय?" न्हाणीच्या खिडकीतून मला पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळक्या जळणाचा, ढीग दिसत होता. पुरुषभर उंच. त्या दिवशी ईश्वरीला पाजताना माझे दात वाजत होते. तिच्या इवल्या कानात म्हटलं होतं, थांब माझी बाय, बघू.

पहिला तांब्या पडला. "हर हर हर..." आवाज कापतो त्यांचा. मला गोड लागतो. दुसरा. तिसरा. मोजता मोजता लक्षात आलं, पोटावरचा पाय नाही.

"आज्जी, नळ परत सोड, बंद नको करू! आई तसाच सोडून ठेवती. थांब... हां, आता हात घाल!"

मी धावले. न्हाणीत वाफ कोंदली होती. सासूबाई ओल्या लुगड्यात पाटावर, दोन्ही हात बादलीत बुडवून. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. पऱ्हाट्या होत्या तिथंच आता हीट पंप घुरघुरतो. मग माझ्याकडे पाहिलं. मीही नजर खाली घेतली नाही.

 ईश्वरीनं माझा गाऊन ओढला.

"आई, तुला तर माहीत होतं. मंग आज्जीला का न्हाई सांगितलं?"