चौदा दिवसांच्या चापट्या

बोटांचे ठसे ओळखायला शिकवणाऱ्या कोर्सला पोलीस खात्याने अशी बाई पाठवली, जिच्या बोटांना ठसेच उरले नव्हते. यात तसा कुणाचा दोष नव्हता. हवालदारबाईंची नोकरी बावीस वर्षांची आणि त्यांच्या नवऱ्याची लाँड्रीही तेवढीच जुनी. ड्युटीच्या आधी दोन तास आणि ड्युटीनंतर दोन तास बाई तिथेच. ब्लीचच्या पाण्यात हात घालायचे, कॉलरी घासायच्या आणि इस्त्री तापली का ते बघायला ओलं बोट तिच्या तळाला टेकवायचं. चर्र झालं की तापली. बावीस वर्षं चर्र केल्यावर बोटांवर रेघा राहतील कशाला? पार गोट्यांसारखी गुळगुळीत झाली होती बोटं.

हे बिंग पहिल्याच सकाळी फुटलं. प्रशिक्षण केंद्रात शिरताना डाव्या हाताला कचेरी होती आणि कचेरीच्या फळीच्या भिंतीवर हजेरीचं पांढरं यंत्र ठोकलेलं होतं. बोट ठेवलं की हिरवा दिवा लागायचा आणि यंत्र 'धन्यवाद' म्हणायचं. खात्यात भरती झालेल्या प्रत्येकाचे ठसे त्याच्या पोटात होते. बाईंचेही होते, पण ते बावीस वर्षांपूर्वीचे. बाईंनी अंगठा ठेवला. लाल दिवा. 'पुन्हा प्रयत्न करा.' तर्जनी ठेवली, तेच. दहाही बोटं झाली, मागे रांग खोळंबली.

"बाई, पायाचे अंगठे राहिले," मागून कुणीतरी बोललंच.

बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी उजव्या हाताची एक सणसणीत चापट यंत्राच्या कुशीत ठेवून दिली. घरची इस्त्री अडली की अशीच सुरू व्हायची. हे यंत्र मात्र हललं, बधलं नाही.

भिंतीच्या पलीकडे हजेरीच्या कारकुनाचं टेबल होतं आणि टेबलावर नुकताच आलेला चहा. या गृहस्थांना सगळे हजेरीमास्तर म्हणत. फळीला हादरा बसला, अर्धा कप बशीत आला आणि मास्तर ओल्या बाहीनिशी बाहेर धावले.

"अहो, सरकारी माल आहे तो! तुमच्या घरचा पाटा नव्हे!"

"माझं बोट घेत नाहीये साहेब."

"घेईल हो. दाबत राहा रोज. मागाहून बघू काय ते."

'मागाहून बघू' हे कचेरीतलं सगळ्यात जुनं खोटं आहे. बाईंनाही ते माहीत होतं, त्यांनी स्वतः कितीतरी फिर्यादींना ते ऐकवलं होतं. तरी त्या गप्प बसल्या, कारण त्यांना हा कोर्स हवा होता. अगदी मनापासून, जीव टाकून हवा होता.

कशासाठी म्हणाल, तर एका खुर्चीसाठी. बावीस वर्षं बाई उभ्या होत्या. चौकात उभ्या, सभेला उभ्या, पुढाऱ्यांच्या दारात उभ्या, कोर्टाच्या पायऱ्यांवर उभ्या. गुडघे आता जिना बघूनच कुरकुरायला लागत. ठसे विभागात एक जागा रिकामी होती. टेबल, दिवा, भिंग आणि पाठ टेकायची खुर्ची. कोर्सचं सर्टिफिकेट दाखवील त्याला ती मिळणार होती आणि सर्टिफिकेटासाठी पंधरापैकी बारा दिवस हजेरी लागत होती.

वर्गात मात्र बाई चमकल्या. शिकवायला ठसेतज्ज्ञ होते. खिशाला पेनाऐवजी भिंग लावायचे, म्हणून त्यांचं नाव भिंगसर पडलं होतं. त्यांनी काचेचे पेले वाटले, काळी पावडर दिली, मऊ ब्रश दिले आणि म्हणाले, "फासू नका. नुसतं कुरवाळा." सगळे वीर पेल्याला रंग दिल्यासारखे तुटून पडले. एकाने ठसा पुसून काढला, एकाने स्वतःचाच उमटवला आणि एक जण शिंकला तर तिघांची तोंडं काळी झाली. बाईंनी बावीस वर्षं लोकांचे मखमली कोट हलक्या हाताने झटकले होते. त्यांच्या पेल्यावर रेघ न् रेघ उभी राहिली. त्यांनी वरून चिकटपट्टी लावली, अलगद उचलली, पांढऱ्या कार्डावर बसवली. भिंगसर बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी ते कार्ड वर्गभर फिरवलं.

"एक ध्यानात ठेवा," ते पुनःपुन्हा सांगायचे, "ठसा कोणाचा ते कळतं. कधीचा ते कळत नाही. तारीख ठशावर नसते. त्यासाठी माणूसच बोलता करावा लागतो."

रोज सकाळी नऊला मात्र तेच. दहा बोटं, दहा लाल दिवे, एक चापट, पलीकडे सांडलेला चहा, आणि मास्तरांचं "अहो, सरकारी माल!"

चौदाव्या दिवशी फलकावर यादी लागली. बाईंच्या नावापुढे हजेरी: शून्य.

बाई तडक कचेरीत गेल्या. "साहेब, मी रोज येते. तुम्ही रोज बघता."

"मी बघून काय उपयोग? यंत्राने बघायला हवं."

"वर्गातल्या चोवीस जणांना विचारा. भिंगसर लिहून देतात म्हणाले."

मास्तरांनी परिपत्रक काढलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "नियम सात. यंत्रात नोंद नसेल तर फक्त या कार्यालयाने केलेली लेखी नोंद ग्राह्य. तारीख, वेळ आणि हजेरी कारकुनाच्या सहीसह. भिंगसर म्हणजे कार्यालय नव्हे."

"मग तुम्हीच द्या की लिहून."

"मी? यंत्र गैरहजर म्हणतंय आणि मी हजर लिहू? माझी नोकरी जाईल हो बाई! पुढच्या वर्षी या."

पुढच्या वर्षी ती जागा असणार होती थोडीच! बाई घरी आल्या आणि लाँड्रीत कपड्यांच्या गाठोड्यावर बसून चक्क रडल्या. नवरा बिचारा घाबरून तीनदा पाणी घेऊन आला. तेवढ्यात इस्त्री एका शर्टावर तशीच राहिली आणि धूर निघाला. सासूबाई कोपऱ्यात बटणं लावत बसल्या होत्या. त्यांनी दाताने दोरा तोडला.

"चौदा दिवस त्या डबड्याला बडवतेस म्हणे. आवाज कोणी ऐकत नाही का?"

"तो मास्तर ऐकतो ना. चहा सांडतो त्याचा रोज."

"मग त्यालाच बोलू दे. चोरांना बोलतं करतेस, एक कारकून होत नाही तुझ्याने? कसली गं पोलीस तू!"

बाईंनी डोळे पुसले. सासूबाईंचं बोलणं लागायचं, पण कधीकधी नेमकं जागेवर लागायचं.

पंधराव्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. केंद्रातली कोणतीही एक वस्तू निवडायची, तिच्यावरचे ठसे उचलायचे आणि तिच्याशी कोणी काय केलं ते सांगायचं. परीक्षेला प्राचार्यबाई जातीने आल्या होत्या. कोणी दाराची मूठ घेतली, कोणी पाण्याचा जग. बाई वर्गाबाहेर गेल्या आणि हजेरीच्या यंत्रापुढे उभ्या राहिल्या. त्यांच्या मागोमाग भिंगसर, प्राचार्यबाई आणि सगळा वर्ग आला. गलका ऐकून हजेरीमास्तरही कप हातात घेऊन बाहेर आले. आज तो त्यांनी खबरदारी म्हणून हातातच धरला होता.

बाईंनी यंत्राच्या कुशीवरून ब्रश फिरवला. पांढऱ्यावर काळं उमटत गेलं. करंगळीखालचा मांसल भाग, तळव्याच्या रेषा, एकावर एक, एकावर एक. बाईंची बोटं झिजली होती, तळवा शाबूत होता. त्यांनी पट्टीवर ठसा उचलला, शेजारी आपल्या तळव्याचा शाईचा ठसा ठेवला आणि आपलं भिंग सरांच्या हातात दिलं.

"तळवा उजवा. माझाच," बाई म्हणाल्या. "यंत्राला चापट मारलेली आहे."

"कबुली!" हजेरीमास्तर आनंदाने ओरडले. "मॅडम, ऐकलंत ना? मी बोंबलून सांगत होतो! आता हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"एकदा मारली असेन, साहेब," बाई खाली मान घालून म्हणाल्या. "एका चापटीचं काय एवढं."

"एकदा? एकदा!"

भिंगसर भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "ठसे एकावर एक आहेत. किती वेळा आणि कधी, ते ठशावरून नाही सांगता येणार. एकाच दिवशीचेही असू शकतात."

"रोज मारलीय हो हिने!" मास्तरांच्या कपातला चहा आता त्यांच्याच हाताने सांडत होता. "पहिल्या दिवसापासून कालपर्यंत, सलग चौदा दिवस! सकाळी नऊ वाजले की धाड्! चौदा दिवस मी गार चहा प्यालोय!"

"उचलली जीभ, लावली टाळ्याला," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज ठाण्यातला होता, हलका आणि जरा कंटाळलेला. "तोंडी काय, कोणीही बोलेल. लेखी तक्रार आहे का तुमची?"

"लेखी? लेखी हवं? थांबा!"

मास्तर आत गेले आणि कळफलकाचा असा कडकडाट सुरू झाला, की जणू चौदा दिवसांचा सगळा चहा त्यातून बाहेर पडत होता. बाई दारात उभ्या राहून अदबीने मदत करत होत्या.

"तारखा एकेक घाला साहेब. मोघम असलं की वरचे परत पाठवतात."

"कळतं मला!"

"वेळही घाला. आणि तुम्ही स्वतः ऐकलंत, हे. नाहीतर मी उद्या नाही म्हणेन."

"म्हणूनच दाखवा!" मास्तरांनी वेळाही घातल्या. कागद काढला, सही ठोकली, शिक्का मारला, जावक रजिस्टरात चढवून वर क्रमांक टाकला. कारणे दाखवा नोटीस. बाईंनी शांतपणे पोच दिली, एक प्रत घेतली आणि ती तशीच प्राचार्यबाईंपुढे धरली.

"मॅडम, नियम सातप्रमाणे कार्यालयाची लेखी नोंद. तारीख आहे, वेळ आहे, हजेरी कारकुनाची सही आहे. मी चौदाही दिवस नऊ वाजता इथे होते, असं साहेब लिहून देतात."

प्राचार्यबाईंनी कागद वाचला. परत वाचला. मग वर्दीला पदर नसल्यामुळे त्यांनी फाइलच तोंडावर धरली, पण खांदे हलत होते ते सगळ्यांना दिसत होते. जमलेल्या सगळ्यांत हशा उसळला. मास्तरांचा चेहरा यंत्राच्या कुशीइतका काळा पडला.

"ती नोटीस मी परत घेतो," ते चाचरत म्हणाले.

"जावक क्रमांक पडलाय, मास्तर," प्राचार्यबाई म्हणाल्या. "आता कशी परत घेता? चौदा दिवस हजर. सर्टिफिकेट तयार करा." मग बाईंकडे वळून त्या गंभीर झाल्या. "पण नोटीसही खरीच आहे, हवालदारबाई. सरकारी यंत्राला मारलंत. खुलासा आजच द्या, आणि ती काळी पावडर तुम्हीच पुसा."

बाईंनी यंत्र पुसलं, कडाकोपऱ्यासकट, गिऱ्हाइकाचा कोट असावा तसं. मग खुलाशाचा कागद घेऊन त्या कचेरीच्या खिडकीच्या कठड्यावर उभ्याउभ्याच लिहायला वाकल्या. गुडघा कटकन वाजला. मास्तरांनी तो आवाज ऐकला. चौदा दिवस भिंतीपलीकडून आवाज ऐकायची त्यांना सवयच झाली होती. ते थोडा वेळ घुटमळले आणि मग आपल्या खुर्चीवरून उठले.

"बसा," ते पुटपुटले. "उभ्याने काय लिहिता."

बाई बसल्या. खुर्चीची पाठ जरा सैल होती, पण पाठ होती. नोटिशीत प्रश्न होता, 'आपण सदर यंत्रास दररोज का मारले?' बाईंनी बराच विचार केला. मनात पुष्कळ काही आलं, बावीस वर्षांचं. शेवटी त्यांनी एकच ओळ लिहिली आणि कागद मास्तरांकडे दिला.

'मी आले आहे, एवढंच त्याला सांगत होते.'

मास्तरांनी ते वाचलं. आवक शिक्का मारला, कागद फाइलला लावला आणि चहावाल्याला हाक मारून आज दोन कप आणायला सांगितले.