मी जहाजावरची भाड्याची स्कूटर

मी स्कूटर बोलतेय. पण नाव ऐकून डोळ्यांसमोर धूर आणि फटफटाट आला असेल, तर तो आधी पुसून टाका. मी विजेवर चालते. चार बुटकी चाकं, एक फिरती खुर्ची, समोर एक टोपली, एवढाच माझा पसारा. ज्यांचे पाय साथ देत नाहीत, त्यांना इकडून तिकडे न्यायचं हे माझं काम.

जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. कुणीतरी माझे स्क्रू आवळले, कुणीतरी हँडलवर वेगाचं बटण बसवलं. त्यावर एका बाजूला कासव आणि दुसऱ्या बाजूला ससा काढलेला आहे, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळावं. मग मला खोक्यात भरलं, आणि खोकं उघडलं ते एका बंदरावर. माझा मालक तिथे आमच्यासारख्या स्कूटरी भाड्याने देतो. प्रवासी जहाज सुटायच्या दिवशी तो आम्हाला चार्ज करून, पुसूनबिसून रांगेत उभं करतो आणि जहाज परत आलं की ताब्यात घेतो. त्यामुळे मला धनी पुष्कळ झाले. कुणी मला लाडाने थोपटलं, कुणी धोंड म्हटलं. मी दोन्ही मनाला लावून घेत नाही.

जहाजावरचं जगणं तसं सोपं नाही. खोल्यांपुढचे बोळ अरुंद. लिफ्टचं दार उघडलं की आतली माणसं छताकडे बघायला लागतात, जणू मी दिसलेच नाही. आणि एक गंमत मी हजारदा पाहिली आहे. माझ्यावर बसलेल्या माणसाला काही विचारायचं असलं, तर लोक त्याच्या मागे उभ्या असलेल्याला विचारतात. 'यांना चहा चालतो का?' पाय गेले म्हणजे कानही गेले असं त्यांना वाटत असावं.

तर त्या बाईंची गोष्ट सांगते.

बाई निवृत्त झालेल्या, शाळेत पी.टी. शिकवायच्या. सोबत त्यांचे यजमान, घड्याळं दुरुस्त करणारे, कमी बोलणारे. मालकाने मला पुढे आणलं तेव्हा बाई काठीवर रेलून उभ्या होत्या. चेहरा असा, की मी कुणा दुसऱ्याचीच आहे.

"ही सामानासाठी घेतोय," त्या मालकाला म्हणाल्या.

मालकाने मान डोलावली. यजमानांनी पिशवी टोपलीत ठेवली. पण धक्क्यावरून जहाजापर्यंतचं अंतर बघून बाई मुकाट्याने बसल्या.

त्यांच्या स्नायूंचा आजार जुना होता, हळूहळू वर चढत आलेला. जेवणाच्या टेबलापाशी मला भिंतीला लावून ठेवत, तेव्हा दोघांचं बोलणं माझ्या कानावर पडे. त्यातून कळलं, की बाईंची धाकटी बहीण एका बेटावर राहते आणि आमचं जहाज त्या बेटापाशी थांबणार आहे. एवढ्यासाठीच हा प्रवास. धाकटीचा नवरा वारला तेव्हा बाई गेल्या नव्हत्या. "जमणार नाही" एवढंच फोनवर सांगितलं होतं.

"तेव्हा काय म्हणाली होती, आठवतंय ना?" बाई म्हणाल्या. "म्हणाली, पाय मोडले होते का तुझे?"

"तिला कुठे माहीत होतं? आता तरी सांगून टाक."

"सांगणार नाही. मी आधी उतरेन, धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसेन. ती येईल, बसूनच बोलू. तिला कळायचं कारण नाही."

यजमानांनी डाळिंबाचे दाणे त्यांच्या ताटलीत सरकवले आणि विषय सोडला.

बेट आलं. पण तिथलं पाणी उथळ, त्यामुळे जहाज धक्क्याला लागत नव्हतं. लांबच नांगर टाकायचा आणि लहान बोटींनी माणसं किनाऱ्यावर न्यायची, अशी पद्धत. खालच्या दारापाशी एक अधिकारी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. "स्कूटर बोटीत नेता येत नाही. आणि प्रवाशाला स्वतः पाऊल टाकून बोटीत चढता आलं पाहिजे."

"मी चढेन," बाई म्हणाल्या.

त्या माझ्यावरून उतरल्या. यजमानांचा हात धरून दारापर्यंत गेल्या. बोट लाटेबरोबर वर येत होती, खाली जात होती. पलीकडून खलाशाने हात पुढे केला. बाईंनीही केला. बोट वर आली, तेव्हा फक्त पाय उचलायचा होता. तो उचलला गेला नाही. बोट पुन्हा वर आली, पुन्हा तेच. मागे रांग लागली होती. एकाने खाकरून घसा साफ केला.

"बाई, आज नको," अधिकारी हळूच म्हणाला.

परत आलेल्या बाई माझ्यावर जड बसल्या. वरच्या उघड्या डेकवर आल्यावर यजमानांनी धाकटीला फोन लावला. "अगं, लाटा फार आहेत, आम्हाला काही उतरता येत नाही..."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "मी इथे धक्क्यावर उभी आहे भावजी. माणसं उतरतायत. म्हाताऱ्याकोताऱ्या उतरतायत. तिला यायचंच नाही, सरळ सांगा ना!" आणि फोन बंद.

बाई समुद्राकडे तोंड करून बसल्या. चहा आला, निवला, आणि वाढप्याने तो परत नेला.

मग खालून हाका ऐकू आल्या. "ताई! ए ताई!"

यजमान कठड्यापाशी धावले. मासे धरायच्या एका होडीत एक बाई उभी होती, पदर वाऱ्यावर, एक हात होडीवाल्याच्या खांद्यावर. भांडायला का होईना, पण धाकटी आली होती. जहाजाच्या पहारेकऱ्याने भोंग्यावरून होडीला लांबच थांबायला सांगितलं. यजमानांनी पुन्हा फोन लावला, पण त्यात नुसता वाऱ्याचा घुरघुराट.

तिथला कठडा भरीव होता. माझ्यावर बसलेली बाई खालून दिसणं शक्यच नव्हतं. बाईंनी कठडा धरला, दात आवळले आणि स्वतःला वर ओढलं. एवढा जोर त्यांच्यात होता हे मला माहीत नव्हतं. खांद्यापर्यंत दिसल्या असतील.

धाकटीने पाहिलं. आणि ओरडली, "तू तर धडधाकट उभी आहेस! मग उतरली का नाहीस?"

बाईंची पकड सुटली. त्या धपकन माझ्यावर बसल्या, म्हणजे होडीतून दिसेनाशा झाल्या.

"गेली? आत गेली का?" खालून आवाज आला, आणि तो आता रागाचा नव्हता.

"पुढे गजांचा कठडा आहे," यजमान म्हणाले. "तिथून सगळं दिसतं." बाईंकडे वळून म्हणाले, "सगळंच."

बाईंनी हँडल धरलं. मग त्यांनी बटण सशाकडे फिरवलं. लोक बाजूला होत गेले. गजांपाशी येऊन त्यांनी मला आडवं उभं केलं, म्हणजे चाकं, खुर्ची, खुर्चीवरचे पाय, सगळं समुद्राकडून दिसेल असं. आणि आयुष्यभर मैदानावर वापरलेला आवाज लावला.

"छोटे! हे बघ! मी हिच्यावर असते! मला चालता येत नाही! तुझ्या घरी आले नाही, तेव्हाही येत नव्हतं!"

सगळ्या डेकने ऐकलं. धाकटी होडीत मटकन खाली बसली. मग ती काही बोलली, पण तिचा आवाज वरपर्यंत पोचेना. खालच्या डेकवरच्या एका टकल्या गृहस्थाने मान वर करून निरोप दिला, "त्या विचारतायत, सांगितलं का नाहीस?"

"लाज वाटली, म्हणावं!"

गृहस्थाने ते खाली ओरडून सांगितलं. उत्तर ऐकून तो जरा घुटमळला. "त्या म्हणतायत, मूर्ख आहेस. माफ करा, त्यांचेच शब्द आहेत."

बाई हसल्या. डोळे पुसत हसल्या. "तिला सांगा, तुझ्यापेक्षा कमी!"

मग बराच वेळ हे असंच चाललं. भाचा काय करतो, गुडघ्याला कुठलं तेल लावतेस, केस का एवढे कापलेस. टकल्या गृहस्थाचा घसा बसला, तेव्हा शेजारच्या बाईने काम हाती घेतलं. शेवटी धाकटीने विचारलं, "ती गाडी वळते का? दाखव की!"

लोकांनी जागा करून दिली. बाईंनी मला पूर्ण गोल फिरवलं. खाली होडीत धाकटी दोन्ही हात डोक्यावर धरून बघत होती.

परत बंदराला लागलो तेव्हा मालक हजर होता. यजमान त्याला सांगत होते, की मेहुणी घराची पायरी फोडून तिथे उतार करून घेतेय, गवंडी कामाला लागलासुद्धा. बाईंनी विचारलं, "अशी विमानातून नेता येते का? मला स्वतःची घ्यायचीय."

"येते की. हीच घेऊन जा ना, स्वस्तात लावतो."

"नको, नवीनच घेईन," बाई माझ्यावरून उतरत म्हणाल्या. "ही जरा डावीकडे ओढते."

त्या पुढे धाकटीकडे गेल्या का, उतार नीट झाला का, मला माहीत नाही. भाड्याच्या वस्तूला पुढचं कुणी कळवत नाही. आता माझ्या खुर्चीचं रेक्झिन फाटलंय, बॅटरी लवकर दमते. मालक मला लांबच्या प्रवासाला देत नाही. धक्क्यापासून लिफ्टपर्यंत माणसं पोचवते.

पण बाई म्हणाल्या ते खरं आहे. तुम्ही कधी माझ्यावर बसलात, तर हँडल थोडं उजवीकडे दाबून धरा. मग मी सरळ जाते.