गयाबाई लॅपटॉपशी बोलल्या

मी डोंगल बोलतोय. लॅपटॉपच्या कडेला खोचतात ते बोटभर नेटचं कार्ड. माझ्या पोटात सिम होतं, त्यामुळे मला फोन लावता यायचा, घेताही यायचा. पण रिसाली गावात ज्या घरी मी होतो, तिथे दोन वर्षं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. घरातली लेक गुंजन माझ्यावर कॉलेजचे फॉर्म भरायची आणि नेट अडलं की मला उपटून फुंकर मारायची. फुंकरीनं सगळं बरं होतं, असं माणसांना का वाटतं कोण जाणे!

तिचे बाबा हिरालाल जवळच्या रसमडा गावातल्या एका कारखान्यात फिटर होते. एका दुपारी टीव्हीवर पट्टी सरकली: रसमड्यात भट्टीजवळ स्फोट, कामगार जखमी. गुंजनची आई गयाबाई कणीक मळत होत्या, तशाच उठल्या.

"तुह्या बाबाले फोन लाव!"

"कशावरून लावू? तुहा फोन तर रिपेरिंगले देल्ला."

शेजारच्या दाराला कुलूप. गयाबाई चपला शोधू लागल्या. तेवढ्यात गुंजनला लॅपटॉपच्या पडद्यावर, माझ्या चौकटीत, फोनचं छोटं चिन्ह दिसलं.

"आई, रुक! याच्यावरून लागते वाटते."

तिनं नंबर टाकला. मी जीव तोडून टॉवर गाठला. रिंग वाजून वाजून थांबली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदाही कुणी उचलला नाही. गयाबाई लॅपटॉपसमोर येऊन बसल्या. मी रिंग पोचवू शकत होतो, माणूस नाही.

दहा मिनिटांनी मीच वाजलो. जन्मात पहिल्यांदा! गुंजननं झडप घालून फोन घेतला.

"हॅलो, कोन बोलून राहिलं? तीन मिसकॉल होते."

गयाबाई पडद्याला तोंड लावून ओरडल्या, "अवो, मी होय! तुमी बरे हाये ना?"

"बरा आहो. मोबाईल लॉकरमंदी होता. दोघं भाजले, पन शुद्धीत हायेत, दवाखान्यात पोचवलं. तुह्या फोनवर लावून राहिलो, तर बंद! हा नंबर कोनाचा?"

"लॅपटॉपचा!"

"कोनाचा?"

गयाबाई रडता रडता हसू लागल्या. लॅपटॉपभर कणकेची बोटं उमटली. गुंजनही डोळे पुसत होती.

आता घरात प्रत्येकाकडे मोबाईल आहे. मी सिम काढलेला, जुन्या चार्जरांच्या वायरींत पडून असतो. त्याचं दुःख नाही. एवढंच सांगतो: सुखरूप असलात, तर आधी घरी कळवा. वाट पाहणारा चेहरा मी अगदी समोरून पाहिला आहे.