मशीननं उचललेला हात

आमच्या ह्यांचा उजवा हात वर गेला, तेव्हा व्हिडिओ मीच काढला आणि भावकीच्या ग्रुपवर मीच टाकला. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

फुलंब्रीला आमची पिठाची गिरणी आहे. दिवाळीनंतर ह्यांना लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. पाय थोडाफार सुधारला, हात मात्र लोंबतच राहिला. तेव्हापासून गिरणी मी चालवते, आणि ह्यांची आंघोळ, जेवण, शर्टाची बटणंही मीच बघते. माझी नणंद रत्नमाला बिडकीनहून मदतीला आली म्हणून निभावलं. स्वयंपाक ती करायची, रात्री ह्यांना लघवीला तीच उठवायची, आणि मी मेल्यासारखी झोपायचे.

मग शहरातल्या एका दवाखान्यात हातासाठी रोबोट आल्याचं कळलं. एक दिवसाआड एसटीनं जाणं-येणं सुरू झालं. रोबोट म्हणजे माणसासारखं काही नसतं. खुर्चीला जोडलेला नुसता लोखंडी हात. त्यात ह्यांचा हात पट्ट्यांनी बांधायचा आणि समोरच्या पडद्यावरची फळं तोडायची. पहिल्याच दिवशी हात खांद्यापर्यंत गेला. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काढ, काढ व्हिडिओ!" इतक्या महिन्यांनी माणूस हसला होता, मी कशाला नाही म्हणू?

थेरपिस्ट उजमा मॅडमनी मात्र मला बाजूला घेतलं. "काकू, आत्ता सगळं मशीनच करतंय. मेंदूला आठवण व्हावी म्हणून. हळूहळू मशीनची मदत कमी करू, मग काकांचं स्वतःचं किती ते कळेल. त्यांनाही सांगितलंय." सांगितलं असेल, पण ह्यांच्या कानात शिरलं नव्हतं.

घरी येईपर्यंत ग्रुपवर फुलं आणि जोडलेले हात यांचा पाऊस, आणि रत्नमालाची पिशवी भरून दारात.

"दादाचा हात आला की! आता निघते मी, वयनी. तिकडं आमच्या घरचे बोंबलायलेत."

"अगं, हात मशीननं उचललाय."

"मशीन काय मेलेला हात उचलतंय व्हय? तुला ना वयनी, हाताखाली माणूस पाहिजे म्हणून बोलायलीस."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "माझाच हात गेला वर. मी केलं ना." मग माझं कोण ऐकणार? रत्नमालाला तिचा संसार होता, तिचं चुकलं म्हणवत नाही. पण ह्यांचा मला असा राग आला, की त्या रात्री मी भाकरी करपवल्या आणि तशाच वाढल्या.

पुढं सगळं एकटीवर आलं. गिरणीत उभ्या उभ्या डुलकी लागली आणि कुणाच्या तरी गव्हात ज्वारी पडली. शिव्या खाल्ल्या. ह्यांना बोलले नाही. बोलायचाही कंटाळा आला होता.

काल उजमा मॅडमनी मशीनची मदत बंद केली. पडद्यावर पेरू लटकत होता आणि हात जागचा हलेना.

"मशीन बिघडलं," हे म्हणाले.

"नाही काका. मशीन ठीक आहे. आज फक्त तुम्ही."

ह्यांचं कपाळ घामानं भिजलं. शेवटी हात बोटभर सरकला. उजमा मॅडमनी टाळ्या वाजवल्या, "हा तुमचा, काका! हा खरा तुमचा!" ह्यांनी मान खाली घातली. मला वाईट वाटलं की बरं वाटलं, कळलं नाही. मी भिंतीला डोकं टेकलं, आणि कधी डोळा लागला समजलंच नाही.

जाग आली ती ह्यांच्या आवाजानं. हे फोनवर बोलत होते.

"रत्ने, त्यो हात मशीननं उचलला व्हता. वयनी खरं बोलत व्हती, मीच खोटा. माझा हात बोटभरच हलतोय गं... हां, बोटभर. चार दिस येऊन जा. माझ्यासाठी नाय. तुझी वयनी इथं भिंतीला टेकून झोपलीय, चार माणसांत, तोंड उघडं टाकून. लई दमली ती."

मी डोळे उघडले नाहीत. दमली, असं कुणीतरी म्हणत होतं, आणि मला ते अजून थोडा वेळ ऐकायचं होतं.